इबोला अडवायचा तो केसपेपरच्या खिडकीवर

नाव, वय, गाव, कुठल्या विभागात दाखवायचंय. सरकारी असो की खासगी, दवाखान्याच्या खिडकीवर एवढं सांगितलं की केसपेपर हातात पडतो. पाचवा प्रश्न तिथे सहसा कुणी विचारत नाही: गेल्या २१ दिवसांत देशाबाहेर कुठे होतात? नाशिकला इबोलापासून सांभाळायचं असेल तर पहिलं लक्ष या प्रश्नाकडे द्यायला हवं, आणि त्याला पैसे जवळजवळ लागतच नाहीत. विमानतळावरची ताप मोजायची बंदूक, संरक्षक पोशाखांचे खोके, फीत कापून उघडलेला विलगीकरण कक्ष, हे सगळं त्यानंतरचं. आपल्याकडे क्रम उलटा लागतो, आणि या आजारात तो उलटा क्रम जीव घेतो.

२१ दिवसच का, ते आधी पाहू. आजारी माणसाच्या रक्ताच्या, उलटीच्या, जुलाबाच्या स्पर्शातून विषाणू अंगात शिरतो. तेव्हापासून लक्षणं दिसेपर्यंत २ ते २१ दिवस जातात. तोवर माणूस ठणठणीत असतो आणि त्याच्यापासून दुसऱ्याला लागणही होत नाही. युगांडा, इथिओपिया, केनिया या देशांतून मुंबईला थेट विमानं येतात. तिथून आलेला माणूस विमानतळावर उतरतो तेव्हा ताप नसतो, म्हणून यंत्राला काही दिसत नाही. ताप असलाच तर पॅरासिटामॉलच्या दोन गोळ्यांनी तो चार तास झाकता येतो. कसारा घाट चढून तो संध्याकाळी सिडकोत किंवा इंदिरानगरात आपल्या घरी जेवायला बसलेला असतो. ताप येतो आठव्या-दहाव्या दिवशी, आणि तेव्हा तो विमानतळाकडे फिरकत नाही. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे जातो, तिथे बरं वाटलं नाही की नर्सिंग होममध्ये, आणि प्रकृती ढासळली की सिव्हिलला. या तीन पायऱ्यांपैकी कोणत्या पायरीवर त्याला तो पाचवा प्रश्न विचारला जातो, यावर पुढचं सगळं ठरतं.

अमेरिकेतल्या डॅलस शहरात २०१४ च्या सप्टेंबरमध्ये हेच घडलं. लायबेरियाहून आलेला एक रुग्ण ताप घेऊन रात्री रुग्णालयात आला. आफ्रिकेतून आल्याचं त्याने सांगितलं, सिस्टरने ते नोंदवलंही, पण ती नोंद निर्णय घेणाऱ्यापर्यंत पोचली नाही. प्रतिजैविकं देऊन त्याला घरी पाठवलं. तीन दिवसांनी रुग्णवाहिकेतून तो परत आला, ८ ऑक्टोबरला वारला, आणि त्याची शुश्रूषा करणाऱ्या दोन परिचारिकांना लागण झाली. यातली मला सर्वांत बोलकी वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. ज्या घरात तो सुरुवातीचे तापाचे दिवस राहिला, तिथल्या कुणालाही इबोला झाला नाही. सुरुवातीला रक्तात विषाणू कमी असतो. उलट्या-जुलाब वाढत जातात तसा तो कोट्यवधींनी वाढतो, आणि नेमका त्याच वेळी रुग्ण घर सोडून रुग्णालयात आलेला असतो. म्हणजे शहरात सर्वांत धोक्याची जागा ना बसस्टँड, ना भाजीबाजार. ती जागा म्हणजे वॉर्ड, मोरी आणि शववाहिका.

इबोला म्हटलं की डोळ्यांतून, नाकातून रक्त वाहणारा रुग्ण लोकांच्या नजरेसमोर येतो. या चित्राने फार नुकसान केलं आहे. उघड रक्तस्राव निम्म्याहून कमी रुग्णांत दिसतो, आणि तोही उशिरा. सुरुवात साधी: एकदम चढलेला ताप, डोकेदुखी, अंग मोडून येणं, घसा दुखणं, प्रचंड थकवा. तिसऱ्या ते पाचव्या दिवसापासून उलट्या आणि पाण्यासारखे जुलाब. पावसाळ्यात आपल्या ओपीडीत बसून पाहा, दर चौथा रुग्ण हेच सांगतो. डेंग्यू, मलेरिया, लेप्टो, टायफॉइड, सगळ्यांची तक्रार एकसारखी. त्यामुळे लक्षणांवरून इबोला ओळखू असं कुणी म्हणत असेल तर त्यावर विसंबू नये. ओळख पटते ती प्रवासावरून आणि संपर्कावरून: कुठून आलात, तिथे कुणा आजारी माणसाची सेवा केली का, कुणाच्या अंत्यविधीला होतात का.

त्यातही आफ्रिकेतून परतलेल्या तापाच्या रुग्णाला इबोलापेक्षा फाल्सिपॅरम हा मलेरियाचा घातक प्रकार असण्याची शक्यता कितीतरी जास्त असते, आणि तोही वेळेत उपचार न झाल्यास मारतो. इबोलाच्या भीतीने त्याला तसंच खोलीत डांबून ठेवलं तर तो मलेरियाने दगावेल. म्हणून मलेरियाची झटपट चाचणी पूर्ण संरक्षक पोशाखात, रुग्णाच्या खोलीतच करायची. ती होकारार्थी आली म्हणून इबोला नाही असंही समजायचं नाही. दोन्ही एकत्र असू शकतात.

आता मूळ आक्षेप. भारतात इबोलाचा उद्रेक आजवर झालेला नाही. क्षयरोग आणि डेंग्यू समोर उभे असताना हजारो किलोमीटरवरच्या आजाराची तयारी कशाला? आक्षेप प्रामाणिक आहे, आणि दहा खाटांचा खास कक्ष बांधायचा प्रस्ताव असता तर मीही तो उचलून धरला असता. पण इबोला ज्या वाटेने रुग्णालयात पसरतो, त्याच वाटेने पसरणारे आजार आपल्या दारात येऊन गेले आहेत. जानेवारी २०११ मध्ये अहमदाबादेत क्रिमियन काँगो तापाची भारतातली पहिली खात्रीशीर नोंद झाली. सुरुवातीची रुग्ण दगावलीच, शिवाय तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर आणि सिस्टरही गेले. गुजरात आपल्या सुरगाणा-पेठच्या पलीकडेच आहे, आणि तो ताप गुरांच्या अंगावरच्या गोचिडीतून येतो. २००१ मध्ये सिलिगुडीत निपाह या वटवाघळांकडून येणाऱ्या विषाणूचे ६६ रुग्ण झाले, त्यातले ४५ दगावले. एकूण रुग्णांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश हे रुग्णालयाचे कर्मचारी किंवा तिथे भेटायला आलेले लोक होते. २०१८ मध्ये कोळिकोडला निपाहच्या रुग्णाची सेवा करताना लिनी पुथुसेरी ही तरुण परिचारिका गेली. निपाहविरुद्धची प्रतिपिंडं, म्हणजे त्या विषाणूशी गाठ पडल्याच्या खुणा, महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांत सापडलेली आहेत. पाचवा प्रश्न, वेगळी खोली, पोशाख उतरवण्याची शिस्त, क्लोरीनचं प्रमाण, या चार गोष्टी या सगळ्या आजारांना सारख्याच लागू पडतात. इबोलाचं नाव घेऊन तयारी केली तर वसूल होईल ती बहुधा दुसऱ्याच कुठल्यातरी आजारात.

आणि इबोला विझलेला नाही. २०१४ ते २०१६ च्या पश्चिम आफ्रिकेतल्या साथीत २८,६०० हून अधिक रुग्ण आणि ११,३०० हून अधिक मृत्यू झाले. २०१८ ते २०२० मध्ये पूर्व काँगोत २,२८७ माणसं गेली. एकट्या २०२५ मध्ये जानेवारीत युगांडाची राजधानी कंपाला आणि सप्टेंबरमध्ये काँगोचा कासाई प्रांत, असे दोन उद्रेक जाहीर झाले. कंपालातला पहिला रुग्ण स्वतः परिचारक होता. लस आहे, पण परवानाप्राप्त एर्वेबो ही लस झाईर प्रकारच्या विषाणूवरच चालते आणि उणे ६० ते उणे ८० अंशांत साठवावी लागते. कंपालात जो सुदान प्रकार होता, त्याला ती लागू पडत नाही. दोन प्रतिपिंड-औषधं आहेत, तीही झाईरचीच. तेव्हा ‘लस आली, आता काळजी नाही’ हे अर्धंच खरं.

या आजाराच्या इतिहासाची सुरुवातच एका सुईतून झाली. १९७६ मध्ये झाईरमधल्या, म्हणजे आजच्या काँगोतल्या, यांबुकूच्या मिशन रुग्णालयात दिवसाला पाच सिरिंज मिळत आणि त्याच नुसत्या पाण्यात धुऊन ओपीडीभर फिरवल्या जात. ३१८ रुग्णांपैकी २८० दगावले. शेवटी रुग्णालय बंद पडलं तेव्हा साथ ओसरली. आज आपल्याकडे सुई एकदाच वापरून टाकतात हे खरं. पण ‘डॉक्टर, एक सुई द्या, सलाइन लावा, लवकर बरं वाटेल’ हा आग्रह आणि तो मानणारे दवाखाने दोन्ही शाबूत आहेत. गरज नसताना टोचलेली प्रत्येक सुई म्हणजे कर्मचाऱ्याच्या बोटाला टोचण्याची एक संधी. सुईला परत टोपण घालण्याची सवय तर आजही मोडलेली नाही.

समजा, पाचव्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ आलं. पुढची तीस मिनिटं कशी जावीत? खिडकीवरच्या माणसाने रुग्णाला मास्क द्यायचा आणि हात न लावता, निदान एक मीटर अंतर ठेवून, आधी ठरवलेल्या खोलीत न्यायचं. खोलीला स्वतःचं शौचालय हवंच. या रुग्णाला जुलाब होणार आहेत आणि सामाईक संडास हा सर्वांत मोठा घात. दार बंद. बाहेर वही: आत कोण गेलं, किती वाजता, का. एकच डॉक्टर, एकच सिस्टर. रक्त नेहमीच्या प्रयोगशाळेत पाठवायचं नाही, कारण तिथे नळी उघडली जाते, फिरवली जाते आणि थेंब उडतात. फोन जिल्हा सर्वेक्षण अधिकाऱ्यांना, आणि हा नंबर भिंतीवर रंगवलेला असावा. मोबाइलमध्ये साठवलेला नंबर त्या मोबाइलच्या मालकाबरोबर सुट्टीवर जातो. नमुना तीन थरांच्या डब्यात, २ ते ८ अंशांत, पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे. सर्वोच्च जैवसुरक्षा पातळीची प्रयोगशाळा तिथे आहे आणि नाशिकहून ती दोनशे-सव्वादोनशे किलोमीटरवर. इथे एक चूक जगभर झाली आहे: लक्षणं सुरू होऊन तीन दिवस झाले नसतील तर चाचणी नकारार्थी येऊ शकते. पहिला अहवाल पाहून रुग्णाला सोडून द्यायचं नाही. ७२ तासांनंतर पुन्हा नमुना घ्यायचा.

उपचारांबद्दल निराश व्हायचं कारण नाही. सरासरी निम्मे रुग्ण दगावतात, पण हा आकडा उपचारांवर हलतो. रुग्ण मरतो तो बऱ्याचदा अंगातलं पाणी आणि पोटॅशियम संपल्यामुळे. दिवसाला पाच लिटर आणि त्याहूनही जास्त पाणी जुलाबावाटे जाऊ शकतं. ते मोजून भरून काढणं, क्षार रोज तपासणं, रक्तदाब टिकवणं, हे नाशिकच्या कोणत्याही चांगल्या अतिदक्षता विभागाला जमणारं काम आहे. इबोलाच्या भावकीतल्या मारबर्गने २०२४ मध्ये रवांडात ६६ जणांना गाठलं, बहुतेक सगळे आरोग्य कर्मचारी. पण नेटाने केलेल्या उपचारांमुळे मृत्यू १५ वर थांबले.

आता पोशाख. खरेदीत सगळ्यांचा जीव तो घालण्यात असतो, धोका असतो तो उतरवताना. २०१४ मध्ये माद्रिदमध्ये एका परिचर्या साहाय्यिकेला लागण झाली. पोशाख काढताना हातमोजा चेहऱ्याला लागला असावा, एवढंच तिला आठवत होतं. क्रम असा: आधी हातमोज्यांवरून निर्जंतुक करून एप्रन, मग बाहेरचे हातमोजे, मग अंगरखा आतली बाजू बाहेर येईल असा गुंडाळत खाली, मग मागून धरून गॉगल, मग मागच्या बंदांना धरून मास्क, सर्वांत शेवटी आतले हातमोजे. प्रत्येक पायरीनंतर हात निर्जंतुक करायचे. समोर एक माणूस यादी हातात घेऊन मोठ्याने वाचत उभा हवा, कारण तासभर त्या पोशाखात घामाने भिजलेला माणूस स्वतःच्या डोक्याने क्रम पाळू शकत नाही. नाशिकच्या एप्रिल-मे महिन्यात वातानुकूलन नसलेल्या खोलीत ४० मिनिटांहून जास्त कुणाला ठेवूच नये. हा सराव कागदावर होत नाही. हातमोज्यांना रंगीत पावडर लावून पोशाख उतरवायला सांगा आणि पावडर कुठे कुठे लागली ते आरशात दाखवा. एका दुपारी जे समजतं ते दहा परिपत्रकांनी समजत नाही.

क्लोरीनचंही तसंच. रक्त-उलटी सांडलेल्या जागेसाठी ०.५ टक्के द्रावण लागतं. ५ टक्क्यांचं हायपोक्लोराइट असेल तर एक भाग द्रावण, नऊ भाग पाणी. ३० टक्के क्लोरीनची ब्लीचिंग पावडर असेल तर दहा लिटरच्या प्लास्टिक बादलीला साधारण १७० ग्रॅम. रोज नवं करायचं. उन्हात ठेवलेलं कालचं द्रावण म्हणजे वास येणारं पाणी. उघड्या गोणीत ओल धरलेल्या पावडरीत क्लोरीन किती उरलंय हे कुणालाच माहीत नसतं, म्हणून गोणीवरची तारीख पाहायची. सर्वांत जास्त चुकतं ते पुढे. उलटीवर थेट द्रावण ओतलं तर त्यातला सेंद्रिय मळच क्लोरीन खाऊन टाकतो. आधी जुनं फडकं टाकून शोषून घ्यायचं, त्यावर द्रावण ओतायचं, १५ मिनिटं थांबायचं, ते उचलून पिवळ्या पिशवीत टाकायचं, जागा साबणाने धुवायची आणि पुन्हा द्रावण फिरवायचं. फवारा मारायचा नाही. फवाऱ्याने शिंतोडे उडतात. कोविडमध्ये माणसांवर फवारे मारले गेले, तो प्रकार इथे तर अजिबात नको. हातांना साबण किंवा अल्कोहोलचं द्रावण पुरतं, कारण या विषाणूवर चरबीचं आवरण असतं आणि ते साबणाने फुटतं.

हे सगळं करणार कोण? वॉर्डबॉय, मावशी, सफाई कामगार. बहुतेक जण ठेकेदाराचे. प्रशिक्षणाच्या यादीत डॉक्टर आणि सिस्टर असतात, पण उलटीचं भांडं उचलणाऱ्या मावशींचं नाव त्यात नसतं. त्यांच्या मापाचे बूट नसतात, त्यांना हेपॅटायटिसची लसही दिलेली असेलच असं नाही. माझी ठाम मागणी आहे की पहिली तुकडी त्यांची असावी आणि त्यांना या कामाचा विमा व जोखीम भत्ता लेखी मिळावा, आधी मिळावा. कचऱ्याचंही आधीच ठरवावं लागतं. अटलांटाच्या एमरी रुग्णालयात इबोलाच्या रुग्णांमागे दिवसाला ४० पिशव्यांपर्यंत कचरा निघत होता आणि नेहमीच्या वाहतूकदाराने तो उचलायला सुरुवातीला नकार दिला. नाशिकमध्ये जैववैद्यकीय कचऱ्याच्या गाडीचा चालक नाही म्हणाला तर काय, हे करारात आजच लिहून घ्यायला हवं.

लोकांचा विश्वास हा या सगळ्याचा पाया, आणि तो कसा ढासळतो हे महाराष्ट्राला कुणी शिकवायची गरज नाही. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगच्या नावाखाली रँडच्या हुकमाने सोजीर घरात घुसले, देवघरं तुडवली, माणसं ओढून नेली. लोक रोगी लपवू लागले, आणि शेवट २२ जूनच्या रात्री गोळ्यांनी झाला. त्याच साथीत सावित्रीबाई फुले रोग्यांची सेवा करता करता १० मार्चला गेल्या. एकाच वर्षी, एकाच गावात, रोगाशी लढण्याच्या दोन रीती दिसल्या. गिनीत २०१४ मध्ये जनजागृतीला गेलेल्या पथकातले आठ जण वोमे गावात मारले गेले, पूर्व काँगोत उपचार केंद्रं जाळली गेली. कारण तेच: पोशाखातले अनोळखी लोक येतात, माणूस घेऊन जातात आणि तो परत दिसत नाही.

म्हणून अंत्यविधीचा प्रश्न पोलिसांवर सोडून चालणार नाही. मृत्यूच्या वेळी अंगात विषाणू सर्वाधिक असतो आणि पुढे कित्येक दिवस टिकतो. पश्चिम आफ्रिकेत प्रेताला आंघोळ घालण्यातून साथीचा मोठा भाग पसरला. आपल्याकडेही आंघोळ घालतात, तोंडात गंगाजल घालतात, पायांवर डोकं ठेवतात. यातलं काय नको आणि काय चालेल, हे पंचवटीतल्या अमरधामचे कर्मचारी, पुरोहित, मौलाना, पाद्री यांच्याशी बसून साथ नसताना ठरवावं. आंघोळ नाही, कपडे बदलायचे नाहीत, शवविच्छेदन नाही, दुहेरी बंद पिशवी. पण चेहरा काचेतून पाहता येईल. तुळस आणि गंगाजल पिशवीवर वाहता येईल. मुस्लिम कुटुंबांसाठी घुसल, म्हणजे प्रेताच्या आंघोळीऐवजी पिशवीवरून तयम्मुम, म्हणजे पाण्याविना शुद्धी करता येते; जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१४ च्या पद्धतीत त्याला जागा आहे. आणि दहन झाल्यावर राखेत विषाणू उरत नाही. अस्थी सावडता येतात, रामकुंडात विसर्जन करता येतं. हे शेवटचं वाक्य कुटुंबाला पहिल्या तासात सांगितलं तर बाकीच्या अटी ऐकायला माणसं तयार होतात.

२०२७ च्या सिंहस्थाला इबोलाशी जोडून भीती घालणं मात्र चूक आहे. हा आजार गोदावरीच्या पाण्यातून, गर्दीत खांद्याला खांदा लागल्याने किंवा हवेतून पसरत नाही. पर्वणीच्या गर्दीत खरी भीती कॉलऱ्याची आणि चेंगराचेंगरीची. पण साधुग्रामात कुणी ‘इबोला सापडला’ अशी आवई उठवली तर तिचं उत्तर तासाभरात, एकाच अधिकाऱ्याच्या तोंडून यायला हवं, आणि तो अधिकारी आज ठरलेला हवा. शिवाय त्या दोन महिन्यांत तपोवनातल्या तात्पुरत्या दवाखान्यांत बाहेरगावचे डॉक्टर बसतील. त्यांच्या केसपेपरवर पाचवा प्रश्न छापलेलाच असला पाहिजे.

हे जमतं, हे नायजेरियाने दाखवलं आहे. २० जुलै २०१४ ला लायबेरियाहून एक आजारी प्रवासी लागोसला उतरला. डॉ. अमेयो अडाडेव्होह यांनी वरून दबाव असतानाही त्याला रुग्णालयातून जाऊ दिलं नाही. त्या स्वतः त्याच आजाराने गेल्या. दीड कोटीहून मोठ्या त्या शहरात पोलिओसाठी उभी असलेली यंत्रणा तिथल्या सरकारने रातोरात या कामाला लावली. ८९४ संपर्क शोधले, सुमारे १८,५०० गृहभेटी दिल्या. २० रुग्णांवर, ८ मृत्यूंवर साथ थांबली. आपल्याकडे पोलिओच्या बूथवर बसणाऱ्या आशाताई आहेत, घर न घर त्यांना ठाऊक आहे. २१ दिवस रोज दोनदा ताप मोजण्याचं काम त्यांच्याइतकं कुणाला जमणार नाही. फक्त त्या दिवसांचं मानधन वेळेवर, आणि घरात बसवलेल्या रोजंदारीच्या माणसाची २१ दिवसांची मजुरी, या दोन रकमांची तरतूद अंदाजपत्रकात हवी. मजुरी बुडणार असेल तर माणूस संपर्क लपवणारच.

तयारी आहे की नाही हे बैठकीतल्या सादरीकरणावरून कळत नाही. न्यूयॉर्क शहराने डिसेंबर २०१५ ते मे २०१६ मध्ये ४९ रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत खोटे रुग्ण पाठवले. गोवर किंवा मर्स या श्वसनाच्या साथीच्या आजाराची लक्षणं आणि परदेशप्रवास सांगायचा, आणि मास्क किती मिनिटांत मिळतो, वेगळ्या खोलीत किती मिनिटांत नेतात हे घड्याळ लावून मोजायचं. नाशिकमध्ये महापालिका आणि जिल्हा रुग्णालय मिळून हेच करू शकतात. आरोग्य विज्ञान विद्यापीठ इथेच म्हसरूळला आहे, त्यांची मुलं रुग्ण होऊन जातील. सिव्हिल, महापालिकेची रुग्णालयं, सातपूर-अंबडची कामगारांची नर्सिंग होम, नाशिकरोड आणि ओझरचे दवाखाने. ‘आठ दिवसांपूर्वी कंपालाहून आलोय, ताप आहे, उलट्या होतायत’, एवढंच बोलायचं आणि मिनिटं लिहून घ्यायची. निकाल नावानिशी छापू नयेत; ज्या खिडकीवर चुकलं तिथे त्याच आठवड्यात शिकवायला जावं. पहिली फेरी येत्या पावसाळ्याआधी व्हावी, आणि ती साहेब हजर असताना सकाळी अकराला नको. रात्री दीडला जावं, कॅज्युअल्टीत एक सिस्टर आणि एक वॉर्डबॉय असताना.